घरगुती कॉम्प्युटर आणि त्यांच्या कंपन्यांची झुंज: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुनी मशीन्स दुरुस्त करण्याचा नाद मला बरीच वर्षं आहे. टेबलावर एखादा उघडलेला कमोडोर किंवा स्पेक्ट्रम दिसला की घरी येणारा प्रत्येक जण काही ना काही विचारतो, आणि प्रश्न बहुतेक तेच असतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण तिथला मामलाच तसा आहे.

होम कॉम्प्युटर म्हणजे आपला पीसीच ना?

नाही. होम कॉम्प्युटरमध्ये कीबोर्डच्या पोटातच सगळं मशीन असायचं. अँटेनाची वायर काढायची, तिथे याची लावायची आणि घरातला टीव्ही हाच पडदा. प्रोग्रॅम साठवायला गाणी ऐकायचा कॅसेट प्लेअर. बटण दाबल्यावर एक-दोन सेकंदांत बेसिक ही प्रोग्रॅम लिहायची भाषा हजर होई आणि कर्सर लुकलुकत तुमची वाट बघे. त्याला काही सांगायचं तर प्रोग्रॅम लिहायलाच हवा. माझ्या मते या मशीन्सचं मोठेपण इथेच होतं. मुलगा असो की बाप, मशीनसमोर बसला की पहिल्या मिनिटाला प्रोग्रॅमर व्हायचा.

सुरुवात कधीपासून धरायची?

जानेवारी १९७५ मध्ये एका अमेरिकी इलेक्ट्रॉनिक्स मासिकाच्या मुखपृष्ठावर अल्टेअर ८८०० झळकला, तिथून बहुतेक जण धरतात. पण तो सुट्या भागांचा संच होता. सोल्डरिंग स्वतः करायचं, ना कीबोर्ड ना पडदा, नुसते खटके आणि लाल दिवे. घरगुती बाजार म्हणायचा तर १९७७ पासून धरावा. त्या वर्षी खोक्यातून काढून प्लग लावला की चालणारी तीन मशीन्स एकदम आली: ॲपल टू, कमोडोरचा पेट आणि टँडी कंपनीचा टीआरएस-८०.

त्या तिघांत जास्त कोण खपलं? ॲपलच ना?

नाही. सुरुवातीच्या वर्षांत टीआरएस-८० सगळ्यांच्या पुढे होता. ॲपल टू ४ केबी मेमरीसह १,२९८ डॉलरला होता आणि पडदा वेगळा घ्यावा लागे. टीआरएस-८० पडद्यासकट ६०० डॉलरला. त्याहून महत्त्वाचं म्हणजे टँडीकडे रेडिओ शॅकची हजारो दुकानं होती. लोक जिथे बॅटरी आणि वायरी घ्यायला जात, तिथेच काउंटरवर कॉम्प्युटर मांडलेला. कंपनीला स्वतःलाच खपाची इतकी धास्ती होती की पहिली बॅच साधारण दुकानांच्या संख्येइतकीच काढायची ठरली. नाहीच विकला तर तोच दुकानात मालाचा हिशेब ठेवायला वापरू, हा विचार. पहिल्या दीड महिन्यात दहा हजार गेले.

ॲपलचं नशीब पुढे उजळलं ते १९७८ च्या फ्लॉपी ड्राइव्हमुळे आणि १९७९ च्या व्हिजिकॅल्क या प्रोग्रॅममुळे. आकड्यांचा तक्ता, एक आकडा बदलला की सगळे बदलणार. हिशेबनीस माणसाला तेवढ्यासाठी दोन हजार डॉलर जास्त वाटले नाहीत. ॲपल महाग राहिला तरी टिकला, तो या गिऱ्हाइकामुळे.

सगळ्यांच्या आत त्याच एक-दोन चिप्स कशा?

कारण ६५०२ ही प्रोसेसरची, म्हणजे मशीनच्या मेंदूची, चिप २५ डॉलरला मिळत होती. इंटेल आणि मोटोरोलाच्या तोडीच्या चिप्स तेव्हा दीड-पावणेदोनशे डॉलरच्या घरात होत्या. चक पेडल आणि त्यांचे सहकारी मोटोरोला सोडून एमओएस टेक्नॉलॉजी नावाच्या छोट्या कंपनीत गेले आणि त्यांनी ६५०२ बनवली. १९७५ च्या सप्टेंबरात सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रदर्शनात ती विकायला ठेवली. प्रदर्शनाच्या जागेत विक्रीला बंदी होती, म्हणून जवळच्या हॉटेलात खोली घेतली आणि काचेच्या बरण्यांत चिप्स भरून ठेवल्या. बरण्या भरलेल्या दिसाव्यात म्हणून खाली नादुरुस्त माल होता, चालणाऱ्या चिप्स वरच्या थरात. तिथे जाणाऱ्यांत पुढे ॲपल टू रचणारे स्टीव्ह वॉझ्नियाक होते.

ॲपल टू, पेट, अटारी, व्हिक-२०, बीबीसी मायक्रो या सगळ्यांत ६५०२ किंवा तिची बहीण. टीआरएस-८०, सिंक्लेअर, ॲमस्ट्रॅड आणि एमएसएक्सवाल्यांनी झायलॉगची झेड-८० घेतली. म्हणजे मेंदू तोच, फरक भोवतालच्या चिप्सचा, पेटीचा आणि मुख्य म्हणजे किमतीचा.

जॅक ट्रामेल यांचं नाव सारखं का येतं?

कारण या बाजारात किंमत हे हत्यार त्यांनी केलं. पोलंडमधल्या वूच शहरातले हे ज्यू गृहस्थ ऑशविट्झच्या छळछावणीतून वाचले, अमेरिकेत आले, टाइपरायटर दुरुस्तीचा धंदा केला आणि त्यातून कमोडोर उभी राहिली. सत्तरीच्या दशकात कमोडोर कॅल्क्युलेटर विकत होती आणि त्याच्या चिप्स टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सकडून घेत होती. मग टेक्सासने स्वतःच कॅल्क्युलेटर बाजारात आणले, आणि तेही अशा भावाने की नुसत्या चिप्स विकत घेऊन जोडणाऱ्याला परवडूच नये. कमोडोर बुडता बुडता वाचली.

ट्रामेल यांनी त्यातून जो धडा घेतला, तो पुढच्या सगळ्या गोष्टीच्या मुळाशी आहे: चिप ज्याची, किंमत त्याची. १९७६ मध्ये त्यांनी एमओएस टेक्नॉलॉजी ही कंपनीच विकत घेतली. त्यामुळे ६५०२ त्यांच्या घरची झाली आणि प्रतिस्पर्धी जे बाजारभावाने घेत, ते कमोडोरला उत्पादनखर्चात पडू लागलं.

१९८२-८३ च्या किंमतयुद्धात नेमकं काय घडलं?

ही गोष्ट नीट सांगायला हवी, कारण आजही लोक ‘गेमची लाट ओसरली म्हणून सगळे बुडाले’ एवढ्यावर तिला गुंडाळतात.

कमोडोरचा व्हिक-२० साधारण ३०० डॉलरला आला होता. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा टीआय-९९/४ए १९८१ मध्ये ५२५ डॉलरला. १९८२ च्या सप्टेंबरात टेक्सासने १०० डॉलरची सूट देऊन आपलं मशीन २०० च्या खाली आणलं. कमोडोरने व्हिक-२० आणखी खाली नेला. टेक्सास पुन्हा उतरली. असं करत करत १९८३ मध्ये दोन्ही मशीन्स १०० डॉलरच्या आसपास येऊन ठेपली. फरक इतकाच की त्या भावाला कमोडोरला चार पैसे सुटत होते आणि टेक्सासचा हात पोळत होता.

मधल्या काळात, ऑगस्ट १९८२ मध्ये, कमोडोर ६४ आला. ६४ केबी मेमरी, स्प्राइट, म्हणजे गेममधल्या हलत्या आकृत्या, हलवणारी स्वतःची चित्रचिप आणि बॉब यानेस यांनी रचलेली सिड ही आवाजाची चिप. किंमत ५९५ डॉलर आणि बनवायचा खर्च १३५ च्या आसपास. आता हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा. ५९५ वरून २०० पर्यंत उतरायला जागाच जागा होती, आणि १९८३ च्या मध्यापर्यंत दुकानांत तो खरोखरच २०० च्या आसपास मिळू लागला. शिवाय कुठलाही जुना कॉम्प्युटर किंवा गेमचं मशीन आणून द्या, १०० डॉलर सूट घ्या, अशी योजना होती. लोक ब्रिटनच्या सिंक्लेअर मशीनची अमेरिकी आवृत्ती, टाइमेक्स १०००, पडेल भावात विकत घेत आणि तीच कमोडोरकडे जमा करत.

१९८३ च्या दुसऱ्या तिमाहीत टेक्सासला ११ कोटी ९० लाख डॉलरचा तोटा झाला. २८ ऑक्टोबरला, म्हणजे नाताळची खरेदी तोंडावर असताना, कंपनीने होम कॉम्प्युटर बंद करत असल्याचं जाहीर केलं आणि उरलेला माल ५० डॉलरला निघाला. अटारीचाही त्या वर्षीचा तोटा ५० कोटी डॉलरवर गेला. मॅटेलचा ॲक्वेरियस आला तसा गेला. कोलेकोच्या ॲडमची तऱ्हा तर अशी की मशीन चालू करताना उठणाऱ्या चुंबकीय झटक्याने आत ठेवलेली टेप पुसली जाऊ शकत होती. ते १९८५ च्या सुरुवातीला बंद झालं.

टेक्सासचं मशीन १६ बिटचं होतं, इतरांची ८ बिटची. मग ते हरलं कसं?

प्रोसेसर १६ बिटचा होता, पण त्याला थेट हाताशी फक्त २५६ बाइट मेमरी. बाकीची १६ केबी चित्रचिपच्या ताब्यात, आणि तिच्यामार्फत एकेक बाइट मागून घ्यायचा. वर बेसिक असं लिहिलेलं की प्रत्येक ओळीचा अर्थ दोनदा लावला जाई. म्हणजे बैल तगडा, पण जू आणि गाडी दोन्ही चुकीची. दुसरी चूक त्याहून मोठी वाटते मला. टेक्सासला सॉफ्टवेअरची कमाई आपल्याकडेच ठेवायची होती. बाहेरच्यांना माहिती द्यायला त्यांनी हात आखडता घेतला आणि १९८३ च्या मॉडेलमध्ये तर बाहेरच्यांच्या कार्ट्रिज चालू नयेत अशी सोय केली. मशीन तोट्यात विकायचं आणि ज्याच्यामुळे ते विकलं जातं ते सॉफ्टवेअरही अडवायचं, अशाने धंदा होत नाही.

ब्रिटनमध्ये चित्र वेगळं का होतं?

तिथे २०० डॉलरसुद्धा जास्त होते. क्लाइव्ह सिंक्लेअर यांनी १९८० मध्ये झेडएक्स-८० तयार स्वरूपात ९९ पौंड ९५ पेन्सला आणला, आणि पुढच्या मार्चमध्ये झेडएक्स-८१ फक्त ६९ पौंड ९५ पेन्सला. मागच्या मॉडेलमध्ये २१ चिप्स होत्या, यात चार. मेमरी १ केबी. अतिरिक्त १६ केबीचं खोकं मागे खोचायचं, ते जरा हललं की मशीन गोठायचं आणि तासाभराचं टायपिंग जायचं. लोक ते चिकटमातीने घट्ट बसवत. तरी पंधरा लाख खपले. एप्रिल १९८२ मध्ये रंगीत झेडएक्स स्पेक्ट्रम आला, १६ केबीचा १२५ पौंडांना आणि ४८ केबीचा १७५ पौंडांना, रबरी कळांचा.

त्याच वेळी बीबीसीला कॉम्प्युटर-साक्षरतेच्या आपल्या मालिकेसाठी एक मशीन हवं होतं. ते काम सिंक्लेअर यांना मिळालं नाही, एकॉर्न या कंपनीला मिळालं. एकॉर्न स्थापन करणाऱ्या दोघांतले ख्रिस करी हे सिंक्लेअर यांचेच जुने सहकारी, त्यामुळे घाव खोल गेला. दुसरे संस्थापक हर्मन हाउजर यांनी सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांना वेगवेगळं गाठून, ‘आठवड्यात नमुना होईल असं दुसरा म्हणतोय’ असं सांगितलं आणि दोघांना कामाला जुंपलं. बीबीसीची माणसं पाहायला आली त्या दिवशी सकाळी नमुना चालू झाला. बारा हजार विकले जातील हा अंदाज होता. विकले पंधरा लाखांच्या वर.

वैर किती टोकाला गेलं? स्पेक्ट्रम किती परत येतात यावर बोट ठेवणारी जाहिरात एकॉर्नने १९८४ मध्ये दिली आणि त्या डिसेंबरात केंब्रिजच्या एका पबमध्ये सिंक्लेअर आणि करी यांची झटापट झाली. गंमत म्हणून हा किस्सा सांगतात. मला त्यात दोन थकलेली माणसं दिसतात. बाजार भरला होता, माल गोदामात पडून होता. १९८५ मध्ये एकॉर्न इटलीच्या ऑलिव्हेटीच्या हाती गेली आणि एप्रिल १९८६ मध्ये ॲलन शुगर यांच्या ॲमस्ट्रॅडने सिंक्लेअरचे कॉम्प्युटर आणि नाव ५० लाख पौंडांना घेतलं.

कॅसेटवरून प्रोग्रॅम कसा चढायचा?

स्पेक्ट्रमचं सांगतो. लोड हा शब्द अक्षर अक्षर टाइप करायचा नसतो, ‘J’ ही कळ दाबली की अख्खा शब्द उमटतो. मग दोन अवतरणचिन्हं, एंटर, आणि टेप चालू. आधी एक सलग शिट्टी येते आणि पडद्याच्या कडेला लाल-निळसर जाड पट्टे सरकू लागतात. मग कर्कश खरखर, आणि पट्टे बारीक होऊन निळे-पिवळे होतात. हीच खरी माहिती. चित्र आधी चढतं, पण सरळ वरून खाली नाही. पडद्याचे तीन भाग, आणि प्रत्येक भागात ओळी सोडून सोडून रेषा भरत जातात, शेवटी रंग. ४८ केबी भरायला पाचेक मिनिटं. साडेचार मिनिटांनी ‘टेप लोडिंग एरर’ आलं तर रिवाइंड करून पुन्हा.

बहुतेक वेळा दोष टेपच्या हेडच्या तिरकेपणाचा. हेडशेजारी एक लहान स्क्रू असतो. टेप चालू ठेवायची, बारीक स्क्रूड्रायव्हरने तो केसभर फिरवायचा आणि कान देऊन ऐकायचं. आवाज बोदा असेल तर अजून फिरवा, टोकदार झाला की थांबा. हे आजही मी कानानेच करतो.

एका कंपनीचा प्रोग्रॅम दुसऱ्या मशीनवर का चालत नसे?

प्रोसेसर तोच असला तरी चित्राची चिप, आवाजाची चिप, मेमरीचा नकाशा आणि कॅसेटवर लिहायची पद्धत सगळं वेगळं. बेसिकसुद्धा प्रत्येकाचं निराळं. कंपन्यांना ते हवंच होतं, गिऱ्हाईक बांधलेलं राहतं.

यावर उपाय म्हणून जून १९८३ मध्ये जपानमध्ये एमएसएक्स हे मानक जाहीर झालं. ॲस्की कंपनीचे काझुहिको निशी त्यामागे होते, बेसिक मायक्रोसॉफ्टचं. सोनी, तोशिबा, सान्यो, यामाहा, फिलिप्स सगळ्यांची मशीन्स एकमेकांशी जुळणारी. जपानमध्ये आणि नेदरलँड्ससारख्या काही देशांत ते रुजलं. अमेरिकेत मात्र किंमतयुद्धाची राख अजून गरम होती, तिथे त्याला कोणी विचारलं नाही.

आपल्याकडे यातलं काय पोचलं?

घरांत फार थोडं, शाळांत थोडं अधिक. १९८४-८५ मध्ये केंद्र सरकारने शाळांसाठी ‘क्लास’ नावाचा संगणक-साक्षरता प्रकल्प सुरू केला आणि त्यासाठी निवडलं बीबीसी मायक्रो. मी तो पहिल्यांदा पाहिला शाळेतच. चपला बाहेर काढून खोलीत जायचं, मशीनवर फुलाफुलांचं कापडी कव्हर, आणि एका कीबोर्डभोवती आम्ही सहा जण. लाल रंगाच्या फंक्शन कळा मला अजून डोळ्यांपुढे दिसतात. स्पेक्ट्रम प्लसची परवाना घेतलेली भारतीय आवृत्तीही डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात आणली होती.

बाकी मशीन्स आली ती परदेशातल्या काका-मामांच्या बॅगेतून. त्यातली बरीचशी इथे चाललीच नाहीत. अमेरिकेतलं मशीन १२० व्होल्टचं, थेट आपल्या २३० ला लावलं की वीजपुरवठा जळणार. शिवाय तेव्हा अमेरिकेचा टीव्ही सिग्नल एनटीएससी पद्धतीचा, आपला पाल पद्धतीचा. इंग्लंडचा स्पेक्ट्रम विजेला चालायचा, पण तो चित्र सोडतो यूएचएफ या टीव्हीच्या वरच्या पट्ट्यातल्या लहरींवर, आणि आपल्याकडच्या तेव्हाच्या अनेक टीव्हींना यूएचएफ पकडता येत नसे. घरच्यांना वाटायचं मशीनच खराब आलं. माळ्यावर गेलेली अशी मशीन्स मी उघडली आहेत, आत एकही दोष नव्हता.

अमिगा आणि अटारी एसटी: कोणी कोणाची नक्कल केली?

नक्कल नाही, अदलाबदल. जानेवारी १९८४ मध्ये ट्रामेल यांनी कमोडोर सोडली आणि जुलैमध्ये वॉर्नरकडून अटारीचा घरगुती धंदा विकत घेतला. कमोडोरमधले शिराज शिवजी त्यांच्याबरोबर गेले आणि त्यांनी १९८५ चा अटारी एसटी घडवला. दुसरीकडे, जुन्या अटारी ८०० च्या चिप्समागचे अभियंते जे मायनर (Jay Miner) हे अमिगावर काम करत होते आणि ती कंपनी कमोडोरने घेतली. म्हणजे एसटी कमोडोरच्या माणसांनी केला आणि अमिगा अटारीच्या. दोन्ही मोटोरोला ६८००० वर चालणारी, आणि दोन्ही सुंदर.

मग शेवटी जिंकलं कोण?

ज्या मशीनचा कोणी एक मालक उरला नाही, ते. आयबीएमने ऑगस्ट १९८१ मध्ये पीसी आणला तो बाजारात मिळणाऱ्या भागांतून जोडून. घरासाठी काढलेला त्यांचा पीसीज्युनिअर चिकलेट या च्युइंगगमच्या वड्यांसारख्या कळांमुळे आणि किमतीमुळे १९८५ मध्येच गुंडाळावा लागला. पण मोठ्या पीसीचं बायोस, म्हणजे मशीन चालू करणारा आतला मूळ प्रोग्रॅम, कॉम्पॅक कंपनीने स्वतंत्रपणे लिहून काढलं आणि मग नकलांची रांग लागली. ट्रामेल यांचा ‘चिप ज्याची, किंमत त्याची’ हा हिशेब एका कंपनीविरुद्ध दुसऱ्या कंपनीला लागू होता. शेकडो कारखाने एकच मशीन बनवू लागले तेव्हा तो उपयोगी पडला नाही. कमोडोर २९ एप्रिल १९९४ ला बंद पडली.

मात्र एक हरलेली कंपनी तुमच्या खिशात आहे. एकॉर्नला ६५०२ नंतर मनासारखी चिप मिळेना, म्हणून विल्सन आणि फर्बर यांनी स्वतःच एक रचली. तिच्या आज्ञांचा पहिला नमुना विल्सन यांनी बीबीसी बेसिकमध्ये लिहून तपासला. २६ एप्रिल १९८५ ला पहिली चिप चालली. तिचं नाव आर्म. १९९० मध्ये एकॉर्न, ॲपल आणि व्हीएलएसआय यांनी मिळून तिची वेगळी कंपनी केली. तुमच्या मोबाइलमधला प्रोसेसर बहुधा तिच्याच घराण्यातला आहे.

माळ्यावर जुनं मशीन सापडलं. चालू करून बघू का?

लगेच नको, कृपा करून. कमोडोर ६४ असेल तर त्याचा विटेसारखा जड अडॅप्टर आधी मल्टिमीटरने तपासा. जुना झाला की त्याची ५ व्होल्टची बाजू वर चढते आणि मेमरीच्या चिप्स जाळते. बीबीसी मायक्रो असेल तर वीजपुरवठ्यात पिवळसर पारदर्शक कवचाचे कपॅसिटर असतात. कवचाला बारीक तडे दिसले की ते आधी बदला, नाहीतर काही मिनिटांत फट् आवाज होऊन खोली धुराने भरेल. स्पेक्ट्रम उघडताना वरचं झाकण कधीही झटक्यात उचलू नका. कीबोर्डची पातळ रिबन बोर्डात खोचलेली असते आणि इतक्या वर्षांत ती वाळलेल्या पानासारखी ठिसूळ होते. झाकण दोन बोटं वर धरा, रिबन सरळ वर ओढून सोडवा. तुटलीच तर घाबरू नका, रिबनसकट कीबोर्डचा आतला पातळ पापुद्रा, म्हणजे मेम्ब्रेन, नवीन आजही बनतं आणि मिळतं.